आक्काने गाळलेले प्रश्न

परीक्षेचं ते पुस्तक ज्या कुणा शहाण्याने छापलं होतं, त्याला एकदा समोर बसवून चार शब्द सुनावायला हवेत. प्रत्येक प्रश्नाच्या बुडाशीच त्याचं उत्तर, तेही जाड ठशात. प्रश्न वाचायला जावं तर डोळे आधी उत्तरावरच पडणार. असल्या पुस्तकावर एकट्याने अभ्यास व्हायचा कसा? म्हणून घरात रीतच पडून गेली होती. पुस्तक धरायचं आक्काने, प्रश्न वाचायचे आक्काने, आणि धाकटीने इस्त्री करता करता नाहीतर भांडी पुसता पुसता उत्तरं द्यायची. पुस्तकात डोकावायचं नाही. डोकावली की आक्का पुस्तक मिटून खुर्चीवर ठेवायची आणि चक्क त्यावर बसायची.

"ऊठ ना आक्का, परीक्षा माझी आहे."

"मग परीक्षेत काय शेजारणीच्या कागदात बघणारेस? उत्तर दे आधी."

आई गेली तेव्हा धाकटी शाळेतही जात नव्हती. तिला न्हाऊमाखू घालण्यापासून तिच्या बुटांच्या नाड्या बांधण्यापर्यंत सगळं आक्कानेच केलं, आणि तेही पावाच्या कारखान्यातली नोकरी सांभाळून. पहाटे निघायची, दिवसभर पिठाच्या धुरळ्यात उभी राहायची, परत यायची तेव्हा भुवया पांढऱ्या. त्या पिठाने तिच्या छातीत कधी बिऱ्हाड केलं ते कुणालाच कळलं नाही. दमा म्हणून डॉक्टरांनी नाव दिलं तोवर तो घरचाच झाला होता. "माझा जन्म पिठात गेला, तुझा नाही जाऊ देणार," हे आक्काचं पालुपद. धाकटीने नर्स व्हायचं, हे तिने धाकटीच्याही आधी ठरवून टाकलं होतं.

नर्सिंगचं शिक्षण झालं, पण परवान्याची परीक्षा काही हाती लागेना. पोरगी दोनदा नापास झाली आणि दोन्ही वेळा एकाच ठिकाणी आपटली: श्वसनाचे आजार आणि त्यांची औषधं. आता तिसरी आणि शेवटची संधी होती. ती हुकली की सगळं शिक्षण पुन्हा पहिल्यापासून, असा नियम. तोवर ती एका वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून लागली होती. चादरी बदलायच्या, म्हाताऱ्यांना भरवायचं, आणि औषधाची गोळी द्यायची वेळ आली की बाजूला सरून खऱ्या नर्सला जागा द्यायची. ते बाजूला सरणं तिला फार झोंबायचं.

घरात तिसरे दाजी, आक्काचे यजमान. लिफ्टचे मेकॅनिक. भला माणूस, पण कानाने जगणारा. लिफ्ट कुरकुरली की बिघाड आहे आणि आवाज बंद झाला की काम फत्ते, एवढं त्यांचं सरळ शास्त्र. तेच त्यांनी बायकोच्या छातीलाही लावून ठेवलं होतं. आक्काच्या छातीत शिट्टी वाजायला लागली की दाजी पेपर खाली ठेवायचे, "पंप घे गं," म्हणायचे. शिट्टी थांबली की पेपर पुन्हा वर. संसार असा चालला होता आणि कुणाची तक्रार नव्हती.

पंप दोन होते, एक निळा आणि एक तपकिरी. धाकटीला ते पाठ करवताना आक्कानेच तोडगा काढला होता. निळा म्हणजे आगीचा बंब, हाक मारली की धावत येतो. तपकिरी म्हणजे राखणदार, त्याचं काम दिसत नाही, पण तो गेला की चोर घरात. धाकटीला हे असं पटकन पाठ झालं. गंमत बघा, तोडगा काढणारीने स्वतः मात्र राखणदाराला कधीच कपाटात ढकललं होतं. त्याने लगेच बरं वाटत नाही, घेतल्यावर चूळ भरायला लागते, कोण ती कटकट करणार? बंब होताच खिशात.

सुरुवातीला अभ्यास म्हणजे नुसता दंगा होता.

"दम्यासाठी थिओफिलीन चालू असलेल्या रुग्णाला काय टाळायला सांगाल?" आक्का मोठ्याने वाचायची.

"चहा-कॉफी. जास्त झाली की छातीत धडधडतं, झोप उडते."

"बरोबर. आणि चहा सोडायला सांगणाऱ्या नर्सचं काय करावं, ते दिलेलं नाही पुस्तकात."

दाजी पेपराआडून हसायचे. धाकटी इस्त्री आपटून म्हणायची, "मला पास व्हायचंय, तुम्हाला चेष्टा सुचतेय." पण तिलाही बरं वाटायचं. आक्का विचारते आहे म्हटल्यावर उत्तर आपसूक ओठावर यायचं. परीक्षेच्या शिकवणी वर्गात बाई शिकवायच्या ते डोक्यावरून जायचं. घरी आक्काच्या तोंडून ऐकलं की डोक्यात बसायचं.

एक दिवस आक्काने वाचलं, "निळा पंप गरजेपेक्षा जास्त वेळा घेतल्यास रुग्णात काय दिसेल?"

"हात थरथरतील," धाकटी म्हणाली, "आणि नाडी..."

आणि ती थांबली. आक्काच्या डाव्या हातातला कप बशीवर टकटक वाजत होता. थांबतच नव्हता.

"आक्का, तुझे हात बघ."

आक्काने कप खाली ठेवला. "पीठ मळून मळून गेलेत गं हात. पुढे सांग. नाडी काय?"

"नाडी जलद होते. आक्का, पंप किती वेळा घेतेस हल्ली?"

"तू माझी परीक्षा घेतेयस का मी तुझी?" आक्का हसली, पण पान उलटताना तिने दोन पानं एकदम उलटली. धाकटीने ते पाहिलं. आक्का घाईत आहे, स्वयंपाक व्हायचाय, एवढाच अर्थ तिने काढला. माणूस परीक्षेच्या आधी आंधळा होतो, दुसरं काय.

तिथून घरातलं हसणं आटलं. म्हणजे भांडण झालं, रुसवेफुगवे झाले, असं काही नाही. आक्का प्रश्न विचारायची, पण आता छोटे छोटे. औषधाचं नाव, मात्रा, पंप घेतल्यावर चूळ का भरायची. लांबलचक, गोष्टीसारखे प्रश्न येईनात. धाकटीने विचारलं तर म्हणाली, "ते सोपे आहेत. तुला येतात. वेळ कशाला घालवायचा?" धाकटीला तर हायसंच वाटलं. त्या लांब प्रश्नांतच तर ती दोन्ही वेळा बुडाली होती.

मग आक्का पलंगावर झोपेनाशी झाली. "तुझा दिवा डोळ्यावर येतो," म्हणून खुर्चीत बसूनच डोळे मिटायला लागली. दिवा विझवला तरी खुर्चीतच. जेवताना कोपर टेबलावर रोवून पुढे वाकून बसायची, चार घास खाऊन ताट सारायची. जिन्यावर मधेच थांबून शेजारणीच्या दारावरची पाटी वाचत राहायची, जणू उभ्या जन्मात तिने ती पाटी पाहिलीच नव्हती. दाजींनी एकदा टोकलं तर त्यांच्यावर डोळे वटारले. आणि दाजींचा स्वभाव असा की, बायकोने डोळे वटारले की जगात सगळं आलबेल आहे असं ते समजायचे.

आणि धाकटी? धाकटी दम्याची औषधं घोकत होती. दमा तिच्या समोर बसून पुस्तक धरून होता आणि ही बया इस्त्रीवरून नजर काढत नव्हती. राग येतो म्हटलं तर येतो, पण तिला तरी किती बोलायचं? जी आपल्याला सांभाळते ती आजारी पडू शकते, हे लहान बहिणीच्या डोक्यात येतंच नाही.

परीक्षेला थोडे दिवस उरले तेव्हा वर्गात सराव परीक्षा झाली. शनिवारची दुपार होती, पंखे गरगरत होते. बाईंनी पेपर तिथल्या तिथे तपासले आणि धाकटीला टेबलाशी बोलावलं. बाई रिटायर झालेल्या नर्स, आवाज खणखणीत, दया वगैरे भानगड नाही.

"हे काय गं? औषधांची नावं, मात्रा, चूळ भरणं, सगळं शंभर नंबरी. आणि दम्याच्या धोक्याची लक्षणं आली की शून्य. सगळी चुकलीस. हे तर पुस्तकात जसंच्या तसं आहे. तुझ्या पुस्तकाची पानं फाटलीत का?"

"नाही बाई. आक्काने हे कधी विचारलंच नाही."

"तुझ्या आक्काचं नंतर बघू. हे वाच." बाईंनी आपलं पुस्तक पुढे सारलं.

धाकटीने वाचायला घेतलं. रुग्ण आडवी झोपू शकत नाही, खुर्चीत बसून झोपते, याचा अर्थ काय? रुग्ण कोपरं टेबलावर टेकून पुढे वाकून बसते, कशासाठी? रुग्ण अख्खं वाक्य एका श्वासात बोलू शकत नाही, तुटक शब्दांत उत्तरं देते, तर किती गंभीर? यातला एकही प्रश्न तिने घरी ऐकला नव्हता. पण प्रत्येक प्रश्नातली बाई तिच्या ओळखीची होती.

"आणि हा," बाईंनी पानाच्या तळाशी बोट ठेवलं. "हा चुकलीस म्हणून तर तुला बोलावलं. रुग्णाच्या छातीतली शिट्टी अचानक थांबली, रुग्ण गप्प आणि सुस्त आहे, नातेवाईक म्हणतात आता आराम पडला. तू काय लिहिलंस? विश्रांती घेऊ द्यावी! अगं, शिट्टी वाजायलासुद्धा हवा आतबाहेर व्हावी लागते. हवाच जात नसेल तर वाजणार काय? ही शांतता म्हणजे रुग्ण हातचा चाललाय. हे परीक्षेत..."

बाई पुढे काय म्हणाल्या ते धाकटीने ऐकलं नाही. ती बाहेर व्हरांड्यात येऊन दाजींना फोन लावत होती.

"बोल गं," दाजींचा आवाज एकदम खुशीत. "झाली परीक्षा?"

"आक्का काय करतेय?"

"हळू बोल, झोपलीय. टेबलावर डोकं टेकून गाढ झोपलीय बघ. सकाळी काय ती शिट्टी, काय ती शिट्टी, नुसता जीव नकोसा केला होता. दुपारपासून एकदम बंद. म्हटलं पडू दे जरा निवांत."

"दाजी, तिला उठवा."

"अगं आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा."

"उठवा म्हणते ना! हलवा तिला, ताठ बसवा, निळा पंप द्या आणि ॲम्ब्युलन्सला फोन करा. दाजी, ती बरी नाहीये. दाजी, तिचा श्वास चाललाय का ते बघा!"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग दाजी बायकोला हाका मारताना ऐकू आले. आधी हळू, मग मोठ्याने, मग असे की धाकटीने तो आवाज त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. ती पळत सुटली.

घरी पोचली तेव्हा ॲम्ब्युलन्स दारात होती. आक्काला खाली आणत होते. ओठ राखेसारखे, डोळे अर्धवट उघडे, कपाळाला घाम. धाकटीने तिच्या छातीला कान लावला. आत काहीच नव्हतं. रिकाम्या घराच्या दाराला कान लावावा तसं. स्ट्रेचर धरणारा म्हणाला, "ताई, बाजूला व्हा," आणि ती सवयीने बाजूला सरली.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कुठली औषधं घेतात, शेवटचा पंप कधी घेतला, तपकिरी पंप रोज घेतात का? जगातल्या सगळ्या पंपांची माहिती धाकटीला पाठ होती, पण आपल्या बहिणीने शेवटचा कधी घेतला ते ठाऊक नव्हतं. दाजी मान खाली घालून म्हणाले, "तपकिरी तर ती कधीपासून घेतच नाही. तुला सांगू नका म्हणाली होती." धाकटीला त्या क्षणी दाजींचं मुस्काट फोडावंसं वाटलं. मग स्वतःचं.

वाफ दिली, इंजेक्शनं झाली, ऑक्सिजन लावला. बऱ्याच वेळाने पडद्यामागून बारीक शिट्टी ऐकू आली. दाजी दचकून उठले, "परत सुरू झाली हो!" आणि डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच हसल्या. "होऊ दे. हवा जायला लागली आत." धाकटी तिथेच फरशीवर बसली आणि हमसून हमसून रडली.

दोन दिवसांनी आक्काला साध्या वॉर्डात हलवलं. मास्क होता, पण बोलता यायला लागलं होतं. धाकटीने एवढा वेळ धरून ठेवलेलं सगळं बाहेर काढलं.

"तू मुद्दाम गाळलेस ना ते प्रश्न?"

आक्काने खिडकीकडे तोंड फिरवलं. "वाचता वाचता कळलं... हे माझंच लिहिलंय. तुला ऐकवलं असतं... तर तू माझ्याकडे बघितलं असतंस. त्या दिवशी कपाकडे बघितलंस ना, तसं. मग पुस्तक मिटून मला घेऊन... दवाखान्यात बसली असतीस. पुन्हा नापास."

"अगं मग मरायचं होतं का तुला?"

"परीक्षा झाली की जाणारच होते मी डॉक्टरकडे."

"आणि तेच प्रश्न मला परीक्षेत आले असते तर?"

हे मात्र आक्काच्या ध्यानातच आलं नव्हतं. पोरीची परीक्षा वाचवायला म्हणून तिने पोरीची परीक्षाच बुडवायला घेतली होती. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि रडण्याने धाप लागली म्हणून धाकटीला सगळा राग गिळून तिची पाठ चोळत बसावं लागलं. डॉक्टरीणबाई जाता जाता दाराशी धाकटीला म्हणाल्या, "असा झटका येऊन गेला की पुढचे काही दिवस वैऱ्याचे असतात. पुन्हा उलटू शकतो. डोळ्यात तेल घालून बघा."

परीक्षेच्या सकाळी धाकटी केंद्रावर जायच्या आधी वॉर्डात डोकावली. पिशवीत प्रवेशपत्र, ओळखपत्र, पाण्याची बाटली. उरलेल्या दिवसांत तिने ती सगळी पानं स्वतः वाचून काढली होती, जाड ठशातल्या उत्तरांवर हात ठेवून. या वेळी आपण पास होणार हे तिला पक्कं माहीत होतं.

रात्रपाळीच्या नर्स घरी निघाल्या होत्या, सकाळच्या यायच्या होत्या. दाजींना आक्काने चहा आणायला पिटाळलं होतं. आणि आक्का उठून बसली होती. केस विंचरलेले, तोंड धुतलेलं, चेहऱ्यावर हसू. मास्क काढून उशीशी ठेवला होता. बोटाला लावलेला ऑक्सिजन मोजायचा चिमटाही काढून टाकला होता. जेवणाचं छोटं टेबल पुढ्यात ओढून तिने त्यावर कोपरं टेकली होती.

धाकटीने तिच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. खांद्यांकडे बघितलं. खांदे कानांकडे चढत होते आणि उतरत होते. गळ्याच्या खळग्यातली कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती.

"कशी आहेस?"

आक्काने हात हलवून सांगितलं, मस्त.

"तोंडाने सांग."

आक्का हसत राहिली. भिंतीवरच्या घड्याळाकडे तिने बोट दाखवलं, मग दाराकडे.

"जाते मी," धाकटी म्हणाली. "आत्ता जाते. फक्त मला एक अख्खं वाक्य बोलून दाखव. 'धाकटे, नीट लिही आणि पास होऊन ये,' एवढंच. एका दमात. बोललीस की मी निघाले, मागे वळूनसुद्धा बघणार नाही."

आक्काने श्वास घेतला. पुन्हा घेतला. तिचे डोळे धाकटीवर होते आणि त्यांत इतकी विनवणी होती की धाकटीला ते बघवेना. लहानपणापासून या डोळ्यांनी जे सांगितलं ते तिने ऐकलं होतं.

"जा," आक्का म्हणाली. त्याच्या पुढे काही आलं नाही.

धाकटीने पिशवी खाली ठेवली, मास्क उचलून आक्काच्या तोंडावर बसवला, तिच्या पाठीला वर-खाली कान लावला आणि पलंगाजवळची घंटा दाबली. आक्का तिचा हात ढकलत होती, मनगटावर नखं रुतवत होती, मान हलवून नाही नाही म्हणत होती. धाकटीने घंटेवरचं बोट काढलं नाही.

सकाळपाळीची नर्स धावत आली. धाकटीने तिला सांगायला सुरुवात केली, आवाज न चढवता, एकापाठोपाठ एक. एका शब्दापलीकडे बोलता येत नाही, गळ्याची कातडी आत ओढली जातेय, मास्क किती वेळ काढलेला होता ते माहीत नाही, तक्त्यावर शेवटची वाफ पहाटेची आहे, शिट्टी आता फक्त वरच्या बाजूला ऐकू येते, खाली नाही. नर्सने ऐकता ऐकता ऑक्सिजन वाढवला, वाफेचं औषध भरलं, डॉक्टरीणबाईंना फोन केला. मग क्षणभर तिने धाकटीकडे नवलाने पाहिलं.

"तुम्ही नर्स आहात का?"

घड्याळात परीक्षेची वेळ होत आली होती. आक्काने डोळे गच्च मिटून घेतले.

"नाही," धाकटी म्हणाली, आणि तिने मास्क नीट धरून ठेवला.